तीन मडक्यांचा उन्हाळा

हे सांगायचं मी आजवर टाळत आलो. कारणं भरपूर होती. आधी नोकरी होती, मग मालक हयात होते, मग मुलीचं लग्न व्हायचं होतं आणि मी कशाच्या कारखान्यात काम करतो हे व्याह्यांना धड सांगितलेलं नव्हतं. आता यातलं एकही कारण शिल्लक नाही. तरी एप्रिल आला, बेलापूरच्या रस्त्याकडेला ताडगोळेवाल्या बायका टोपल्या मांडून बसल्या की मी रस्ता बदलतो. बायकोची समजूत अशी की मला ताडगोळे आवडत नाहीत. मला ताडगोळे फार आवडतात. अंगठ्याने साल सोलताना मनगटावर उडणारं ते गार, जेमतेम गोड पाणी मला अजून आठवतं. पण टोपलीमागे बसलेल्या बाईच्या डोळ्याला डोळा द्यायची माझी तयारी नसते.

यंदा मात्र रस्ता बदलून भागलं नाही. नव्या पिढीतल्या काही मुलामुलींनी इथे स्वतःची बिअर गाळायला सुरुवात केली आहे. काचेमागे तांब्याची चकचकीत पिंपं, भिंतीवर खाडीचं चित्र. त्यांनी मला सन्मानाने बोलावलं. तिथली मुख्य ब्रूअर करंजाड्याची, माझ्या मुलीहूनही लहान. तिने माझी ओळख करून दिली, "नवी मुंबईत ताज्या बिअरची सुरुवात करणारे आणि तीन नळ्यांची पद्धत शोधणारे काका." टाळ्या झाल्या. मग तिने विचारलं, "काका, ही आयडिया तुम्हाला सुचली कशी?"

मी म्हणालो, "अनुभवातून."

अनुभव खरा होता. फक्त तो माझा नव्हता.

नव्वदच्या दशकाचा मध्य. तेव्हाच्या बेलापूरकडे कुठूनही पाहिलं तरी काहीतरी अर्धवट दिसायचं. काचेच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांच्या पायाशी म्हशी डुंबत होत्या. रस्ते आखलेले, पण मध्येच संपणारे. गावाच्या कडेला जुना बाजार होता. सुकी मासळी, लोहाराचा भाता, बांगड्या, एक डेअरी आणि तिला लागून ताडांच्या सावलीतली ताडीची शेड. तो बाजार हलवून तिथे नवा चौक होणार होता. मोठा फलक लागला होता. त्यावर कारंजं, फरसबंदी, ओळीने गाळे आणि त्यांच्यामधून फिरणारी, चेहरे नसलेली सुखी माणसं रंगवली होती. येणारे-जाणारे थांबून त्या फलकात आपलं दुकान शोधायचे.

मी मूळचा साताऱ्याकडचा. सूक्ष्मजीवशास्त्र शिकलो, बाटल्या भरणाऱ्या एका मोठ्या कारखान्यात उमेदवारी केली आणि मग तळोज्याला एका लहानशा बिअरच्या कारखान्यात ब्रूअर म्हणून लागलो. गावी आईला सांगितलं की कारखान्यात सातूवर प्रक्रिया होते. यात खोटं काही नव्हतं. आईने शेजारीपाजारी सांगून टाकलं की पोरगा सातूच्या पिठाच्या गिरणीत साहेब आहे. दर दिवाळीला ती म्हणायची, "एवढा साहेब झालास, येताना किलोभर पीठ आणता येत नाही?" मी वाटेत सातूचं पीठ विकत घ्यायचो आणि कंपनीचं म्हणून तिच्या हातात ठेवायचो.

त्या कारखान्याचा वास मला आजही येतो. तळोज्याच्या हवेत तेव्हा नाना वास असायचे, डोळ्यांना झोंबणारे, घशाला टोचणारे. त्या सगळ्यात आमची एकच शेड अशी होती की तिच्याजवळून जाताना रिक्षावाले वेग कमी करून नाक वर करायचे. माल्ट शिजत असला की तव्यावरची भाकरी नुकती उतरवल्यासारखा वास सुटायचा. आमचे मालक, शेखरसाहेब, ठाण्याचे. परदेशात शिकून आले होते आणि बाटलीबंद बिअरचा त्यांना मनापासून राग होता. ते म्हणायचे, "आपल्या गावात केलेली, आपल्या गावात आठ दिवसांत संपणारी बिअर. मुंबईहून आलेली नाही. लोकांना कळू दे, या शहरात फक्त झोपायला यायचं नसतं."

झोपायला यायचं शहर. तेव्हा आमच्या शहराला सगळे असंच हिणवायचे. शेखरसाहेबांना ते लागायचं आणि मलाही लागायला लागलं होतं. म्हणून नव्या चौकातला पहिला तयार गाळा त्यांनी घेतला आणि मार्चमध्ये आम्ही तिथे ताज्या बिअरचं दुकान उघडलं, तेव्हा मी नवरदेवासारखा मिरवत होतो. टेम्पोतून पोलादी पिंपं यायची, मागच्या थंड खोलीत रचली जायची आणि तिथून नळीवाटे बिअर पुढच्या काउंटरवरच्या नळाला यायची. नळाचा दांडा ओढला की पेल्यात आधी फेस, मग खालून वर चढत जाणारा तो मधासारखा रंग. सहा वाजता कचेऱ्या सुटल्या की कारकून यायचे, रबाळ्याच्या कारखान्यांतले इंजिनियर यायचे, गळ्यात साखळ्या घातलेले गावातले तरुण यायचे. सगळे एकाच बाकावर. पहिला घोट घेऊन कोणीतरी म्हणायचं, "मामा, ही इथलीच?" आणि काउंटरवरचा माणूस छाती काढून सांगायचा, "तळोज्याची. परवा झालेली."

थंड खोलीपासून काउंटरपर्यंतची नळी जमिनीखालून न्यायला हवी होती. पण जमिनीला नवाकोरा ग्रॅनाइट बसवला होता, त्याला भोक पाडायला कोणाचं मन होईना. ती बाहेरून, पश्चिमेच्या भिंतीवरून फिरवावी अशी कल्पना निघाली. ती कल्पना माझी.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात बिअर आंबली. एकदम नाही. आधी एक गिऱ्हाईक तोंड वाकडं करून गेलं, मग चार. कारखान्यातला नमुना स्वच्छ होता. पिंपातला नमुनाही स्वच्छ होता. तरी पेल्यातून येणारा वास दिवसेंदिवस ओळखीचा होत चालला. एका कारकुनाने तो सगळ्यांदेखत ओळखला.

"अरे, ही ताडी आहे! समोरून आणून ओततात वाटतं."

सगळे हसले. पण दुसऱ्या दिवशी अर्धे बाक रिकामे होते, आणि तिसऱ्या दिवशी चौकातल्या होऊ घातलेल्या दुकानदारांच्या मंडळाला हा मुद्दा सापडला. त्यांना तो हवाच होता. ताडीच्या शेडला परवाना होता, त्यामुळे बाजार हलवताना तिच्या मालकिणीला नव्या चौकात गाळा द्यायचं कबूल झालेलं होतं. कपड्यांची, घड्याळांची, मिठाईची दुकानं मांडणाऱ्यांना शेजारी ताडीवाली नको होती. "चौकाला शोभत नाही," असं ते आतापर्यंत म्हणत होते. शोभत नाही हे काही कागदावर टिकणारं कारण नव्हतं.

टिकणारं कारण मी दिलं.

शेखरसाहेबांनी बिअर का बिघडली याचा अहवाल मागितला. मी इंग्रजीत दीड पान लिहिलं. शेजारच्या उघड्या ताडीतलं वाइल्ड यीस्ट, म्हणजे रानटी किण्व, वाऱ्यावरून आणि माश्यांबरोबर आमच्या दुकानात येत असावं, असं त्यात होतं. शास्त्राच्या पुस्तकात असं घडू शकतं. पण उन्हाळ्यात दुपारनंतर खाडीवरचा वारा पश्चिमेकडून सुटतो आणि आमचं दुकान पश्चिमेला होतं. वारा आमच्याकडून त्या शेडकडे वाहायचा. लिहिताना माझ्या टेबलावरचे कागद त्याच वाऱ्याने फडफडत होते आणि मी त्यांवर वजन ठेवून लिहीत होतो. खाली सही केली, पदवी लिहिली. साहेबांनी तो कागद मंडळाला दाखवला आणि मंडळाने त्याची प्रत काढून गाळे वाटणाऱ्या कचेरीत, ताडीवालीला गाळा देऊ नये या अर्जाला जोडली.

आता चांगुणाबायविषयी. ताडीची ती शेड तिची होती. आगरी, पन्नाशीतली, अंगाने काटक. पायात चप्पल नाही. नवरा गेल्यावर परवाना तिने स्वतःच्या नावावर करून घेतला होता. दीर ताडावर चढायचा, ती खाली विकायची. तिच्या बोलीत सगळ्यांना तूच असायचं, मग समोर हमाल असो की फौजदार. सकाळी तिच्याकडे म्हातारी माणसं गोड ताडी प्यायला यायची, दुपारी गवंडी, संध्याकाळी जे येतील ते. समोरून जाताना मी तिच्याकडे पाहत नसे. मी ब्रूअर होतो ना.

ती एका दुपारी दुकान बंद असताना सरळ आत आली.

"त्यो सातारचा मास्तर तूच ना?"

"मी मास्तर नाही, बाई."

"वही घेऊन फिरतंस, म्हंजी मास्तरच. मना सांगतान का माजे ताडीनं तुजी बिअर नासली. इंग्रजीन कागद झालाय. मना तो कागद वाचता येत नाय, पन मना जीभ हाय. दे, मना बगू दे."

तो कागद कोणी लिहिला हे तिला माहीत होतं की नाही, ते तेव्हा कळलं नाही. मी नळाची बिअर पेल्यात काढून दिली. तिने एक घोट तोंडात फिरवला आणि दारात जाऊन थुंकला.

"आता पिंपातली दे."

पिंपातली काढून दिली. ती तिने गिळली. मग थोडी आणखी मागितली.

"ही बरी हाय. कडू हाय, पन बरी हाय. पिंपान बरी, नळान वायट. मंग मदी काय हाय?"

"नळी."

"कवा धुतंस?"

"रोज. दुकान बंद करताना पाण्याने."

"न मंग?"

"मग नळ बंद करून टाकतो."

"ओलीच?"

मी हो म्हणालो. नवी सून भात उतू घालवते तेव्हा तिच्याकडे जसं पाहतात, तसं तिने माझ्याकडे पाहिलं.

"ओला भांडा तोंड बांधून उनान ठेवतंस? मास्तर, तुना शिकवला कोनी?"

आणि ती मला हाताला धरून, खरोखर हाताला धरून, चौक ओलांडून तिच्या शेडमागे घेऊन गेली. तिथे मडकी होती. प्रत्येक ताडाला तीन मडकी. एक वर झाडाला, एक कढत पाण्याने धुऊन उन्हात उपडं, एक पेंढ्याच्या धुरावर धरून काळं झालेलं, दुसऱ्या दिवसासाठी तयार. कालचं मडकं आज कधीच झाडावर जात नाही. ते कितीही स्वच्छ दिसो. तिने एक तयार मडकं माझ्या नाकाशी धरलं. त्यात धुराशिवाय कशाचाच वास नव्हता.

"माज्या सासूनं शिकवला मना. ताडी नासली तं ताडाला शिव्या नको देऊ, मडका बग, बोलायची."

परत येऊन मी नळी कापली. पश्चिमेच्या भिंतीवरचा, दिवसभर तापणारा तुकडा. तो उभा चिरला तर आत पिवळट, बुळबुळीत थर. साय धरावी तसा. मी इतके दिवस बिअरकडे पाहत होतो. कारखान्यातली टाकी, पिंप, सगळं पुन्हा पुन्हा तपासत होतो, आणि माणसाच्या ओठापर्यंतचे शेवटचे काही हात माझ्या हिशेबातच नव्हते. चांगुणाबाय माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होती. तिला आनंद झाला होता. तिची ताडी निर्दोष होती, आणि ते आता मला माहीत झालं होतं.

"बगलास?" ती म्हणाली. "आता जाऊन सांग सगल्यांना."

त्या आठवड्यात आम्ही तीन नळ्या केल्या. एक चालू, एक कढत सोड्याच्या पाण्यात, एक वाळत. ग्रॅनाइटला भोक पाडलं आणि नळी सावलीतून नेली. शनिवारी दुकान पुन्हा उघडलं. पहिला पेला मी स्वतः ओढला आणि उजेडाला धरला, तर पलीकडचा चौक त्यातून सोनेरी दिसला. तो कारकून आला, ज्याने ताडी म्हटलं होतं. त्याने हुंगलं, घोट घेतला, पुन्हा घेतला आणि बाकावर सरकून शेजाऱ्याला जागा केली. त्याच दिवसांत कारंजं सुरू झालं. पोरंसोरं भिजायला, आयाबाया पोरांना ओढायला, बापे आमच्याकडे बसायला. संध्याकाळचा खारा वारा, ओल्या फरशीचा वास, फेसाचा वास आणि शंभर माणसांचं एकाच वेळी बोलणं. ठाण्या-मुंबईहून लोक आमच्याकडे बिअर प्यायला येऊ लागले. उलट्या दिशेने! झोपायला यायच्या शहरात लोक जागे राहायला येत होते. शेखरसाहेब दारात उभे राहून नुसते पाहायचे, आणि एकदा मला म्हणाले, "झालं रे आपलं गाव." त्या उन्हाळ्याची आठवण आली की आधी माझा ऊर भरून येतो. मग बाकीचं आठवतं.

अहवाल मागे घेऊ या, असं मी साहेबांना म्हणालो होतो. म्हणालो होतो हे खरं, पण दारात उभं राहून, जाता जाता. ते म्हणाले, "आपली नळी घाण होती, असं लिहून द्यायचं? आत्ता कुठे बाक भरलेत. आणि त्या बाईंचं काय, त्यांना दुसरीकडे जागा मिळेलच." मी पुन्हा विषय काढला नाही. साहेबांवर ढकलावं असं मनात येतं, पण सही त्यांची नव्हती.

मेच्या शेवटी गाळ्याची सुनावणी झाली. कचेरीत पंखा डोक्यावर गरगरत होता आणि सगळ्यांनी समोरचे कागद हाताने दाबून धरले होते. एका बाजूला मंडळाचे लोक, इस्त्रीचे शर्ट. दुसऱ्या बाजूला चांगुणाबाय, नऊवारी कासोटा, नाकात मोठी नथ, जणू लग्नाला निघाली होती. तिच्याबरोबर डेअरीवाले जगताप. माझ्याच साताऱ्याकडचे, तिच्या शेडला भिंत लावून इतकी वर्षं दूध विकणारे. मी तज्ज्ञ म्हणून, मंडळाच्या बाजूच्या खुर्चीवर.

सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी माझा कागद वाचून दाखवला. चांगुणाबायने तो मराठीत समजावून घेतला. मग उठली.

"सायब, यो बोलतं का माजे ताडीचं किडं उरून बिअरीन जातान. चौक वलांडून जातान. बरा. मंग या जगतापाचा दूध माजे शेडीला चिकटून हाय. त्यान कशाला नाय जात? त्या किड्यांना दूध आवरत नाय? त्यांना बिअरच पायजे?"

साहेबांचं हसू मिशीत अडकलं. जगताप उभे राहिले.

"सायेब, माजं दूध या बाईच्या शेजाराला कदी नासलं न्हाई. नासलं तर एकदाच, आन् ते माज्या मेव्हन्यानं भांडं इसळलं न्हवतं म्हून. बाईनंच दावून दिलं."

मंडळाचा एक जण म्हणाला, "साहेब, हे दूधवाले. यांना शास्त्र काय कळणार? तज्ज्ञ बसलेत इथे, त्यांना विचारा."

सगळे माझ्याकडे वळले. साहेबांनी साध्या आवाजात विचारलं, "तुम्ही सांगा. बिअर ताडीमुळेच आंबली का?"

चांगुणाबाय माझ्याकडे पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर जराही काळजी नव्हती. कापलेली नळी तिने माझ्याबरोबर पाहिली होती. आता मी उठून तेवढं सांगायचं होतं, मग काम संपलं असतं.

मी म्हणालो, "ती शक्यता नाकारता येत नाही."

तिला बोलता आलं असतं. नळीचं, मडक्यांचं, सगळं तिथे सांगता आलं असतं. मला त्या खोलीत उघडं पाडायला तिला दोन वाक्यं पुरली असती. तिने फक्त नथ सारखी केली आणि मान साहेबांकडे वळवली.

"सायब, शक्यता तं सगल्याचीच हाय. यो पंखा तुज्या डोक्यावर परंल ही पन शक्यता हाय. म्हनून तू खुर्ची सोरतंस?"

या वेळी साहेब उघड हसले. सगळी कचेरी हसली. बाहेर रांगेत उभे असलेलेही हसले. आणि हसू ओसरल्यावर त्यांनी सांगितलं की परवाना वैध आहे, दोष सिद्ध झालेला नाही, गाळा कबूल केल्याप्रमाणे या बाईंना मिळेल. जगतापांनी टाळी वाजवली, एकट्याने, आणि मग ती थांबवावी की नाही हे न कळून वाजवतच राहिले.

तिच्या गाळ्याचं उद्घाटन मी कारंज्याच्या पलीकडून पाहिलं. ब्रास बँड होता. गावातल्या बायका एकसारख्या साड्या नेसून चौकभर नाचत होत्या, डोक्यात अबोलीचे गजरे. त्यांच्यात मिठाईवाल्याची बायको ओढली गेली आणि घड्याळवाल्याचीही. पांढऱ्या फरशांचा ओटा, त्यावर ओळीने मडकी, वर रंगवलेली पाटी. मध्ये चांगुणाबाय, फेटा बांधून. होय, फेटा, दिराचा हिसकावून घेतलेला. त्या फलकावरच्या चेहरे नसलेल्या माणसांच्या जागी हे चेहरे आले होते, आणि फलक रंगवणाऱ्याला असे कधी सुचले नसते. पुढे अनेक वर्षं त्या चौकात ताडी आणि बिअर समोरासमोर विकली गेली. दोन्हींपैकी कधी काही नासलं नाही. आमच्या दुकानात तीन नळ्या आणि तिच्याकडे तीन मडकी, आणि ती एकच गोष्ट आहे हे चौकात आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.

मी त्या पद्धतीवर आमच्या धंद्याच्या मासिकात लेख लिहिला. इतर कारखान्यांतून बोलावणी आली. कोणी त्या पद्धतीला माझं नाव दिलं. मी खोडलं नाही.

माफी मागायला मी गेलो नाही असं नाही. पुष्कळदा गेलो. ती विचारायची, "क पायजे, मास्तर?" आणि मी म्हणायचो, "एक पेला." ती द्यायची. तिने कधी टोमणा मारला नाही. मारला असता तर मला शब्द सुचले असते, असं मी स्वतःला सांगत राहिलो.

शेवटचा गेलो तेव्हा ती फार थकली होती. ओट्यावर सून बसायची, ती खुर्चीत. वाक्य पाठ करून गेलो होतो. पाहतो तर दोन-चार तरुण गिऱ्हाइकं तिच्याभोवती बसलेली, आणि ती त्यांना सुनावणीची गोष्ट सांगत होती. पंखा, जगताप, दूध, सगळं. मला पाहून तिचा चेहरा उजळला.

"यो बगा, यो मास्तर होता तिथं! याना इचारा! सायबानं याना इचारला, न यो उबा ऱ्हायला न बोलला, सायब, बिअर माजे नलीनं नासली, या बायचा दोष नाय. मंग सायब क करल? दिला गाला!"

तरुणांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. एकाने उठून खुर्ची दिली. ती खरं काय घडलं ते विसरली होती, का जाणूनबुजून तिने इतकी वर्षं जपून मला ते वाक्य बहाल केलं होतं, हे मला कळलं नाही. तिच्या डोळ्यांत पाहिलं तरी कळलं नाही. "हो ना, मास्तर?" तिने विचारलं.

मी मान डोलावली.

त्याच पावसाळ्यात ती गेली. तेव्हा पाठ करून नेलेलं वाक्य आता कोणाला देऊ हे कळत नाही, म्हणून इथे लिहितो. चांगुणाबाय, मी तसं बोललो नव्हतो. तसं बोलायला हवं होतं. चुकलो.